हवेची गंगाजळी

इंदुरात नळाच्या पाण्याला नर्मदाच म्हणतात. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात सकाळी जिन्यावरून हाक ऐकू येते, “काकू, तुमच्याकडे नर्मदा आली का?” ही नर्मदा शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर, मंडलेश्वरजवळच्या जलूदला, घाटाखाली वाहते. तिथून पंपांच्या टप्प्याटप्प्यांनी तिला विंध्य चढवून माळव्याच्या पठारावर आणतात. पहिल्या टप्प्याचं पाणी १९७८ साली शहरात आलं. कधी पंपांची वीज जाते, कधी मोठी वाहिनी फुटते, आणि मग ‘नर्मदेचं शटडाउन’ अशी बातमी येते. त्या दिवशी शहराचे हाल होतात, पण कुणी तहानेनं मरत नाही. उंच टाक्यांत थोडं पाणी असतं, अंगणातल्या हौदात थोडं, गच्चीवरच्या काळ्या टाकीत हजारेक लिटर, शिवाय गल्लीत एखादं बोअरिंग. पंप थांबणं आणि घशाला कोरड पडणं यांच्यामध्ये असे दोन-तीन दिवस असतात. दुरुस्ती तेवढ्यात होते.

या दोन-तीन दिवसांसाठी मराठीत नेमका शब्द आहे, गंगाजळी. देवघरातला गंगेच्या पाण्याचा मोहोरबंद गडू, आणि त्यावरून घराची किंवा संस्थेची राखीव शिल्लक. एखादा ग्रह किंवा चंद्र माणसाला राहण्याजोगा आहे का, हे या गंगाजळीवर मोजावं असं माझं म्हणणं आहे. यंत्रं बंद पडल्यापासून माणूस धोक्यात येईपर्यंत किती वेळ मिळतो? पृथ्वीवर तो हजारो वर्षांत मोजता येतो, अंतराळ स्थानकात दिवसांत, आणि मंगळावर फाटलेल्या पोशाखात सेकंदांत. तापमान, पाण्याच्या खुणा, ताऱ्यापासूनचं अंतर हे नेहमीचे निकष अखेर या एका आकड्याच्या पोटात जातात.

हा वाद आता फक्त अभ्यासकांचा राहिलेला नाही. २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, अशी उद्दिष्टं भारतानं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलच्या अर्धगोलांची मंगळवस्ती हमखास असते आणि शेजारच्या तक्त्यावर ‘मानवाचं दुसरं घर’ असं लिहिलेलं असतं. ‘घर’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. तळ म्हणा, छावणी म्हणा, प्रयोगशाळा म्हणा. घर म्हटलं की पैसा आणि माणसं चुकीच्या कामाकडे वळतात.

सगळ्यात मोठी दिशाभूल ‘वस्तीयोग्य पट्टा’ या संज्ञेनं होते. ताऱ्यापासून ज्या अंतरावर, योग्य वातावरण असल्यास, पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल, त्या पट्ट्याला खगोलशास्त्रज्ञ हे नाव देतात. ‘योग्य वातावरण असल्यास’ हे शब्द बातमीत गळतात आणि ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ एवढंच छापून येतं. आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, म्हणजे तोही त्या पट्ट्याच्या ऐन मध्यात बसतो. तिथे हवा नाही, रात्र १४ दिवसांची असते आणि विषुववृत्ताजवळ दुपारी तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. पट्टा दुर्बिणीचं काम सोपं करतो, कुठे पाहायचं ते सांगतो. राहायचं कुठे हे त्याला विचारूच नये.

माणसाला दिवसाला काय लागतं, ते आधी नीट मांडू. ऑक्सिजन सुमारे ८४० ग्रॅम. उच्छ्वासातून बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १ किलो. प्यायला आणि अन्नात मिळून अडीच-तीन लिटर पाणी. कोरडं अन्न ६०० ग्रॅमच्या जवळपास. या यादीत लोकांना सगळ्यात जास्त धास्ती ऑक्सिजनची वाटते, पण बंद जागेत आधी घात करतो तो कार्बन डायऑक्साइड. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. आत २८ घनमीटर हवा मावते. दारं-खिडक्या खरोखर हवाबंद केल्या आणि आत चार माणसं बसवली, तर कार्बन डायऑक्साइड ताशी ८० लिटरच्या दरानं साठेल. साडेतीन तासांत त्याचं प्रमाण १ टक्क्यावर जाईल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पंचवीसपट. डोकं जड होऊ लागेल, लक्ष लागेनासं होईल. त्या घडीला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम सव्वा टक्का उतरलेला असेल. सतरा-अठरा तासांनी कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांवर पोचेल आणि माणसं धापा टाकत असतील.

ही गोष्ट जवळून पाहायची तर अंतराळात जायला नको. शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देण्याच्या यंत्राला एक पारदर्शक डबा लावलेला असतो, त्यात सोडा लाइमचे पांढरे दाणे असतात. कळीचा चुना विझवल्यावर जो चुना मिळतो तोच यात मुख्य, सोबत थोडा कॉस्टिक सोडा आणि पंधराएक टक्के पाणी. रोग्याचा उच्छ्वास या दाण्यांमधून जातो, कार्बन डायऑक्साइड चुन्यात अडकतो आणि उरलेली हवा भुलीच्या वायूसह परत रोग्याकडे येते. डबा हाताला कोमट लागतो. दाणे संपत आले की जांभळे पडतात. १०० ग्रॅम दाण्यांनी कागदावर २६ लिटर वायू शोषायला हवा, प्रत्यक्षात १० ते १५ लिटरच शोषला जातो, कारण हवा दाण्यांतून सारखी न फिरता सोपी वाट धरते आणि कडेचे दाणे कोरेच राहतात. झोपलेला प्रौढ माणूस तासाला १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे किलोभर दाण्यांचा डबा एका माणसाला, तोही निजलेल्या, दहा-बारा तास पुरेल. आणखी एक फसवी गोष्ट भूलतज्ज्ञांना पक्की ठाऊक असते. जांभळे पडलेले दाणे रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी पुन्हा पांढरे दिसतात, पण शोषण्याची ताकद परतलेली नसते. म्हणून ते रंगावर विसंबत नाहीत, श्वासात आत जाणारा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या पडद्यावर नजर ठेवतात.

या डब्यासमोर पृथ्वीची शिल्लक ठेवून पाहावी. आपल्या वातावरणात सुमारे १२ लाख अब्ज टन ऑक्सिजन आहे. साऱ्या मानवजातीचा श्वास वर्षाला अडीच अब्ज टनांच्या घरात जातो. भागाकार केला तर पावणेपाच लाख वर्षं निघतात. गुरं-ढोरं, जमिनीतले जीवाणू, आगी आणि कारखाने धरले तर हा काळ बराच कमी होतो, तरी हजारो वर्षांचा उरतोच. म्हणूनच जंगल तोडताना, नदीत मैला सोडताना श्वास कोंडत नाही, आणि म्हणूनच आपण बेफिकीर राहू शकतो. पृथ्वी राहण्याजोगी आहे याचा खरा अर्थ, ती आपल्या चुका पचवते.

आता माणसानं बांधलेल्या जागांकडे येऊ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसं सलग राहत आली आहेत. तिथे पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन काढतात. कार्बन डायऑक्साइड झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या गोळ्यांत पकडतात. झिओलाइटला पाण्याची वाफ जास्त प्रिय, म्हणून आधी हवा कोरडी करावी लागते. मग गोळ्या तापवून, त्यांवरचा दाब काढून वायू सोडवतात. गोळ्या सतत तापून-निवून झिजतात, त्यांची भुकटी झडपांत अडकते आणि झडप अर्धवट उघडी राहते. स्थानकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड नेहमीच आपल्या हवेच्या कित्येक पट असतो.

पाण्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मूत्रातून ८५ टक्के पाणी परत मिळेल असा स्थानकातल्या ऊर्ध्वपातन यंत्राचा आराखडा होता. २००९ मध्ये यंत्र तुंबलं. आत कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा थर बसला होता. वजनविरहित अवस्थेत हाडं झिजतात, हाडांतलं कॅल्शियम मूत्रात उतरतं. मूत्र टिकवण्यासाठी त्यात गंधकाम्ल घालत होते, त्याचा आणि कॅल्शियमचा संयोग होऊन खडा धरत होता. जमिनीवरच्या चाचण्यांतलं मूत्र जमिनीवर राहणाऱ्या माणसांचं होतं, त्यात एवढं कॅल्शियम नव्हतं. वसुली ७०-७५ टक्क्यांवर आणावी लागली आणि पुढे गंधकाम्लाऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरून ती पुन्हा वर नेता आली. राहणाऱ्याची हाडं आणि भिंतीतली नळी या एकाच यंत्राच्या दोन बाजू निघाल्या. २०२३ मध्ये स्थानकानं पाण्याची एकूण वसुली ९८ टक्क्यांपर्यंत नेली. हे अतिशय मोठं काम आहे.

त्या ९८ आणि ९० टक्क्यांत फरक किती पडतो, तोही पाहा. चार माणसांना सगळं मिळून दिवसाला १५ लिटर पाणी धरलं, तर ९८ टक्के वसुलीत रोज ३०० मिलिलिटर गळतं. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते. तेवढ्या काळात २४० लिटर पाणी जास्तीचं लागेल. वसुली ९० टक्क्यांवर घसरली तर १२०० लिटर. गंगाजळी किती ठेवायची, हे सगळ्यात वाईट महिन्यातल्या वसुलीवरून ठरवावं लागतं. आणि २००९ साली तुंबलेल्या यंत्राचे सुटे भाग पृथ्वीवरून पाठवता आले, कारण स्थानक ४०० किलोमीटरवर होतं. मंगळावर नुसता निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि सुटा भाग पोचायला सहा-नऊ महिने, तेही वेळ जुळली तर.

बंद जागेतला हिशेब कुठून फुटेल हे सांगता येत नाही. त्याचा सगळ्यात मोठा धडा जमिनीवरच मिळाला. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये बायोस्फिअर २ नावाची सव्वा हेक्टरहून थोडी मोठी काचबंद वास्तू बांधली होती. आत शेत, छोटं रान, पाण्याचा कृत्रिम समुद्र. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या जरा वर येऊन ठेपला, चार हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेसारखा. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कोडं असं, की ऑक्सिजन खर्ची पडला तर त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा, तो तेवढा वाढलाच नव्हता. शेतासाठी आणलेल्या माती-खतात सेंद्रिय माल भरपूर होता. जीवाणू तो खाऊन ऑक्सिजन संपवत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला येण्याआधीच ताज्या काँक्रीटच्या भिंती गिळत होत्या, कारण काँक्रीटमध्ये तोच विझवलेला चुना असतो. भुलीच्या डब्यात जी क्रिया होते, आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्याला जी क्रिया वर्षानुवर्षं घट्ट करत जाते, तीच तिथे होत होती. ती वास्तू म्हणजे नकळत उभारलेला एक प्रचंड सोडा लाइमचा डबा होता. बाहेरच्या जगात काँक्रीट काय खातं याची दखल घ्यावी लागत नाही. शिल्लक छोटी झाली की भिंतीचं खाणंही हिशेबात येतं.

ही कसोटी आता आकाशातल्या जागांना लावू. मंगळ सगळ्यात लाडका, म्हणून तो आधी. दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, ध्रुवांवर बर्फ, जमिनीखाली बर्फ, गुरुत्व आपल्या ३८ टक्के. इथवर ठीक. हवेचा दाब मात्र ६ मिलिबारच्या आसपास. इंदूरला तो ९५० च्या घरात असतो. ६३ मिलिबारच्या खाली शरीराच्या उष्णतेनंच पाणी उकळतं. मंगळावर त्याच्या दहावा हिस्साही दाब नाही, त्यामुळे पोशाख फाटला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. इमारतीचं गणितही उलटं होतं. आत पृथ्वीसारखा दाब ठेवला तर प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा रेटा बाहेरच्या दिशेनं बसतो. किरणोत्सर्गापासून वाचण्यासाठी छतावर तीन मीटर माती रचली, तरी मंगळाच्या गुरुत्वात तिचं वजन चौरस मीटरला दोन टनांच्याही आतच भरतं. छत पडेल ही भीती नसते, छत उडेल ही असते. पायाचे खांब आपल्याकडे भार पेलतात, तिथे ते ओढ पेलतील.

किरणोत्सर्ग मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणानं मोजलेला आहे, दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट. वर्षाचे २४५ होतात. आपल्याकडे क्ष-किरण विभागात किंवा वेगवर्धकाजवळ काम करणाऱ्या, छातीला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे मंगळावर उघड्यावर राहणारा माणूस महिनाभरात वर्षाचा कोटा संपवतो. मातीत ०.५ ते १ टक्का पर्क्लोरेट नावाचा क्लोरीनचा क्षार असतो, थायरॉइड ग्रंथीला तो घातक. माती धुतल्याशिवाय तीत भाजी लावता येत नाही, आणि धुवायला तेच मोजून ठेवलेलं पाणी लागतं.

मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढता येतो, हे पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी या उपकरणानं सिद्ध केलं. २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवून त्यानं एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला, सर्वाधिक वेग तासाला १२ ग्रॅम. पहिला प्रयोग म्हणून ही कामगिरी उत्तम आहे आणि तिचं कौतुक मनापासून आहे. फक्त वस्तीच्या हिशेबात १२२ ग्रॅम म्हणजे एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास. मंगळाचं सगळं हवामानच बदलून टाकू असं म्हणणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ग्रहशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. तिथला हाताशी येण्याजोगा सारा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला, तरी दाब पृथ्वीच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाही.

चंद्राबाबत आपल्याला जास्त आस्था असायला हवी, कारण तिथे आपली उपकरणं पोचली आहेत. चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा पक्क्या झाल्या. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम उतरला, आणि त्याच्या चास्ते या उपकरणानं जमिनीत तापमापक रोवला. वर ५० अंशांच्या आसपास तापमान, आणि अवघे ८ सेंटीमीटर खाली उणे १०. वितभरही खोल न जाता साठ अंशांचा फरक. माझ्या मते वस्तीच्या दृष्टीनं चांद्रयान-३ नं दिलेला हा सगळ्यात कामाचा आकडा आहे. चंद्राची धूळ उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही, म्हणजे मीटर-दोन मीटर धुळीखाली गाडलेल्या खोलीला दिवस-रात्रीचा चटका लागणार नाही आणि किरणोत्सर्गही बराच अडेल. हीच धूळ दुसरीकडे वैरीण. तिचे कण वाऱ्या-पाण्यानं घासलेले नसल्यानं धारदार असतात, विजेच्या भारामुळे चिकटतात, दारांच्या रबरी कड्या खातात. अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना यानात आलेल्या धुळीनं सर्दी-शिंकांचा त्रास झाला होता.

चंद्रावरच्या रात्रीचा हिशेब मात्र कठोर आहे. विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये निजवले गेले आणि रात्र सरल्यावर उठले नाहीत. त्यांची रचना एका चांद्रदिवसापुरतीच होती. माणूस असा निजवता येत नाही. एका माणसाचं सगळं अन्न दिव्यांच्या उजेडात पिकवायचं तर ४०-५० चौरस मीटर वाफे आणि दिव्यांसाठी १० किलोवॉटच्या वर वीज लागते. आपल्या साध्या घराचा मंजूर भार ३ ते ५ किलोवॉट असतो. १० किलोवॉट १४ दिवस अखंड म्हणजे ३३६० युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची ही जवळपास दीड वर्षाची वीज झाली. ती लिथियम बॅटरीत साठवायला सुमारे २० टन वजन लागेल, आणि चांद्रयान-३ चं उड्डाणावेळचं सगळं वजन ३.९ टन होतं. म्हणून ध्रुवाजवळच्या जवळपास अखंड उन्हातल्या कड्यांची निवड किंवा अणुवीज, हे दोनच मार्ग गंभीरपणे बोलण्याजोगे आहेत.

एका वायूकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, नायट्रोजन. चंद्राच्या मातीत वजनानं ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, खनिजांत बांधलेला, उष्णता आणि वीज खर्चून तो काढता येईल. नायट्रोजन तिथे नगण्य. दर वेळी दार उघडताना थोडी हवा जाते, तिच्यातला ऑक्सिजन भरून काढता येतो, नायट्रोजन नाही. तो पृथ्वीवरून न्यावा लागेल, किंवा जास्त ऑक्सिजन आणि कमी दाब ठेवून राहावं लागेल. तसं केलं की आगीचा धोका वाढतो. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी रशियाच्या मीर अंतराळ स्थानकात आग लागली ती ऑक्सिजन देणाऱ्या राखीव कांडीलाच. गंगाजळीही जपून हाताळावी लागते.

शुक्राच्या ढगांत, ५५ किलोमीटरच्या आसपास उंचीवर, दाब आपल्या निम्मा आणि उष्णता सोसवण्याजोगी आहे, पण खाली जमीन ४६५ अंशांची आणि भोवती गंधकाम्लाचे थेंब. गुरूचा चंद्र युरोपा, त्याच्यावर गुरूच्या किरणोत्सर्गानं माणूस दिवसभरातच घातक मात्रा घेईल. शनीचा चंद्र टायटन मात्र मला नेहमी विचारात पाडतो. तिथे हवेचा दाब आपल्या दीडपट आहे, त्यामुळे पोशाख फुगवावा लागत नाही, जाड उबदार कपडे आणि ऑक्सिजनचा मुखवटा पुरतो. पोशाखाला भोक पडलं तर सेकंदांऐवजी मिनिटं मिळतात. गळतीच्या कसोटीवर टायटन मंगळाला सहज मागे टाकतो. थंडी उणे १७९ अंश, ऊन पृथ्वीच्या हजाराव्या हिश्श्याइतकं, आणि कॅसिनी यानाला शनीपाशी पोचायला सात वर्षं लागली होती. मदतीची वाट पाहण्याच्या कसोटीवर तो पार नापास होतो.

गुरुत्वाची गंगाजळी तर कुठेच ठेवता येत नाही. स्थानकात रोज दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात, तरी हाडांचा प्रश्न सुटलेला नाही. व्यायाम नसेल तर कंबर-मांडीची हाडं महिन्याला एक-दीड टक्क्यानं विरळ होतात. चंद्राच्या एक-षष्ठांश गुरुत्वात आजवर माणूस सलग राहिला तो जास्तीत जास्त ७५ तास, अपोलो १७ मध्ये. मंगळाच्या गुरुत्वात एकही मिनिट नाही. तिथे मूल नऊ महिने गर्भात कसं वाढेल, त्याचा मणका कसा घडेल, याबद्दल मानवजातीकडे एकही नोंद नाही. मुलं जन्मू शकतात का हेच ठाऊक नसलेल्या जागेला घर म्हणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, समुद्र ओलांडणाऱ्यांनाही पलीकडे काय आहे ठाऊक नव्हतं. खरं आहे, पण ते जिथे उतरले तिथे हवा होती, पाऊस होता, फुकट होता. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पृथ्वीवर महासंकट आलं तर मानवजातीची राखीव प्रत असावी. हा विचार मला पटतो. मात्र जी वस्ती झडपा, औषधं, चिप आणि झिओलाइटसाठी पृथ्वीवरून येणाऱ्या मालावर जगते, ती पृथ्वीबरोबरच संपेल, फक्त काही महिने उशिरा. राखीव प्रत व्हायची तर तिला झडप स्वतः घडवता आली पाहिजे. त्या दिवसापर्यंत तिला तळ म्हणावं.

मग भारतानं काय करावं? गगनयानासाठी श्वास-पाण्याची यंत्रणा आपल्याला स्वतःच घडवावी लागते आहे, तीन माणसं आणि तीन दिवसांच्या उड्डाणासाठी. तीन दिवसांत डबे बदलून भागतं. चंद्रावरच्या तळाला ते पुरणार नाही. लडाखच्या त्सो कार खोऱ्यात ऑगस्ट २०२५ मध्ये छोटा तळ उभारून काही दिवसांचा सराव झाला, हे चांगलं पाऊल आहे, पण तिथे दाराबाहेर हवा आहे. सैबेरियात क्रास्नोयार्स्कला १९७० च्या दशकात ३१५ घनमीटरच्या बंद कक्षात तीन माणसं सहा महिने राहिली. बीजिंगच्या कक्षात २०१८ मध्ये ३७० दिवसांचा प्रयोग पुरा झाला. आपल्याकडे चार माणसांचा, वर्षभराचा असा कक्ष चंद्रावर जाण्याआधी हवाच, आणि तो उभारायला इंदूर ही योग्य जागा आहे.

शहराच्या अभिमानापोटी हे म्हणत नाही. कक्षाची पहिली परीक्षा गळतीची असते. कक्ष दिवसाला ५ टक्के गळत असेल तर बायोस्फिअर २ सारखी ऑक्सिजनची तूट कधी दिसणारच नाही, बाहेरची हवा गुपचूप ती भरून काढत राहील आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होईल. त्या वास्तूची गळती वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून तिची चूक पकडली गेली. त्यासाठी हवा तापून फुगते-आकसते तेव्हा आकार बदलणारी मोठी रबरी ‘फुप्फुसं’ जोडावी लागली होती. असं काम जमणारी माणसं इंदुरात आहेत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या इलेक्ट्रॉन वेगवर्धकाचं १७२ मीटर परिघाचं कडं अतिनिर्वात ठेवावं लागतं, तिथे हेलियमनं सूक्ष्म गळती शोधणं हे नित्याचं काम आहे. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिमरोलला आयआयटी आहे. आणि देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवायची क्षमता असलेला वायू प्रकल्प आहे. बंद कक्षात गव्हाचं काड, भाजीची देठं कुजवून त्यातला कार्बन परत हवेत आणला नाही तर पुढच्या पिकाला तो कमी पडतो. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक मिसळलं की पाचक टाकीचं काय होतं, हे या शहराला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

एवढा खर्च आकाशासाठी कशाला, असं विचारणाऱ्यांनी २०२१ चे एप्रिल-मे आठवावेत. देशभर रुग्णालयांत काही तासांचा ऑक्सिजन उरल्याच्या बातम्या येत होत्या. त्यानंतर ठिकठिकाणी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे संयंत्र बसले. त्यांच्या पोटातही झिओलाइटच आहे, आणि कॉम्प्रेसरमधून ओल किंवा तेलाचा अंश आला की ते मरतं, वायूची शुद्धता घसरते. झिओलाइट वर्षभर न थांबता कसं चालवायचं, कुठल्या तासाला काय बदलायचं, हे शिकलेला तंत्रज्ञ चंद्राइतकाच जिल्हा रुग्णालयाला हवा आहे.

कक्ष झालाच तर एक अट पहिल्या दिवसापासून असावी. प्रत्येक झडप, गाळणी, पंप किती तास चालला, कशानं बिघडला, दुरुस्तीला किती मिनिटं लागली, याची वही दर तीन महिन्यांनी लोकांसमोर यावी, बिघाड लपवू नयेत. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर रोजचा एकच आकडा असावा. आज दुपारी बारा वाजता सगळी यंत्रं बंद केली असती, तर आतल्या चौघांना किती तास मिळाले असते?